कंपाउंड धनुष्याचे बाण कापून घेताय? या चुका टाळा

धनुष्याची ड्रॉ लेंथ २८ इंच, म्हणून बाणही २८ इंचीच मागवायचे, ही चूक सर्रास होते. ड्रॉ लेंथ म्हणजे पूर्ण खेचल्यावर नॉकच्या (बाणाच्या मागच्या, दोरीत अडकणाऱ्या टोकाच्या) खाचेपासून ग्रिपच्या, म्हणजे धनुष्याच्या मुठीच्या, सर्वांत खोल भागापर्यंतचं अंतर, अधिक पावणेदोन इंच. बाण मोजतात तो नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या, म्हणजे बाणाच्या दांड्याच्या, टोकापर्यंत. पॉइंट, म्हणजे पुढे बसवलेलं अणकुचीदार टोक, त्यात धरत नाहीत. शिवाय बाण किती लांब हवा हे तुमचा रेस्ट (बाण टेकवायचा आधार) कुठे बसवलाय त्यावरही ठरतं.

म्हणून आपल्याच धनुष्यावर मोजा. न कापलेला लांब बाण लावा, टार्गेटसमोरच उभे राहा, नेहमीच्या अँकरपर्यंत (चेहऱ्याशी हात टेकतो त्या जागेपर्यंत) खेचा. बोट दोरी सोडणाऱ्या ट्रिगरपासून लांब! बाजूला उभ्या कोचना रेस्टच्या पुढच्या कडेशी शाफ्टवर मार्करने खूण करू द्या. त्या खुणेपुढे निदान एक इंच शाफ्ट राहायलाच हवा. बाण आखूड असला तर टोक रेस्टवरून मागे घसरतं, आणि तशा स्थितीत सुटलेला बाण फुटून हातात घुसू शकतो. लांब बाण जड होतो, थोडा वेग जातो, एवढंच. शंका आली तर लांबच ठेवा.

वाढत्या वयाच्या मुलांचे बाण तर नेमक्या मापाला कापूच नका. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली तेव्हा १७ वर्षांची होती. या खेळात मुलं उंची वाढत असतानाच उतरतात. हात लांबले, मॉड्यूल (ड्रॉ लेंथ ठरवणारा धनुष्याचा भाग) बदललं, की पुन्हा मोजायचं. पालकांनी बाणाच्या किमतीकडे बघून हे पुढे ढकलू नये.

दुसरी गफलत स्पाइनची, म्हणजे शाफ्टच्या ताठपणाची. २८ इंचांच्या अंतरावर टेकवलेला शाफ्ट मधोमध ८८० ग्रॅम वजनाने ०.४०० इंच वाकला, तर त्याचा स्पाइन ४००. पण तोच शाफ्ट कापला की जास्त ताठ वागतो, लांब ठेवला की मऊ. त्यामुळे आधी लांबी ठरवा, मग पाउंडेज (धनुष्य खेचायला लागणारा जोर) आणि पॉइंटचं वजन धरून तक्त्यातून स्पाइन निवडा. पेपर ट्यूनिंगमध्ये (कागदातून बाण मारून फाट बघताना) रेस्ट सरकवूनही कागद आडवाच फाटत असेल, तर पकड तपासा आणि मग स्पाइनवर संशय घ्या.

कार्बन शाफ्टला हॅकसॉ किंवा पाइप कटर लावू नका, तंतू उसवतात. वेगाने फिरणाऱ्या ॲरो सॉवरच कापून घ्या, तोंडाला मास्क लावून.