आधारवर सासरचं, पासपोर्टवर माहेरचं

लग्न झालं आणि वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एजंटनं सल्ला दिला, "आधी आधार बदला." बदललं. नवऱ्यानं अमेरिकेतून आय-130, म्हणजे बायकोला कायमचं तिकडे बोलावण्याचा अर्ज, मात्र पासपोर्टवरच्या माहेरच्या नावानंच भरला होता. आपल्याकडे फक्त आडनाव बदलत नाही, मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि पासपोर्टात ते पहिल्या नावालाच चिकटलेलं असतं. म्हणजे नाव आणि आडनाव, दोन्ही रकान्यांत मी वेगळीच बाई!

गाडी अडली पोलीस क्लिअरन्सला, म्हणजे व्हिसासाठी लागणाऱ्या, गुन्हा नसल्याच्या दाखल्याला. पत्त्याचा पुरावा म्हणून आधार दिलं, तर काउंटरवरच्या मुलानं ते पासपोर्टशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "बेन, आ कोण?" (ताई, ही कोण?)

आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून दुसरी संधी जाळली नाही. सरकारी बँकेचं फोटोवालं पासबुक अजून माहेरच्या नावाचं होतं, तेच पुढे केलं. सोबत लग्नाचा दाखला. काम झालं. डीएस-260 या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात 'इतर नावं' विचारतात, तिथे सासरचं नाव लिहिलं. तिकीटही पासपोर्टप्रमाणेच काढलं. सासूबाईंना जरा खटकलं. तिकडे गेल्यावर पासपोर्ट, सावकाश, भारतीय वकिलातीतून बदलेन.