इम्प्लांटपूर्वी जबड्यात हाड भरून घेताना: कोकणातील रुग्णांसाठी मार्गदर्शन

दाढ काढण्याचा दिवस ठरला की बहुतेक जण डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारतात: दुखेल का, आणि जेवायचे कधी. पुढे त्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवून वर कृत्रिम दात बसवायचे टायटॅनियमचे मूळ, बसवण्याचा विचार थोडासा जरी मनात असेल, तर दाढ काढण्याआधीच तिसरा प्रश्न विचारावा, तो म्हणजे रिकाम्या खड्ड्यात त्याच वेळी हाड भरून घेणे योग्य ठरेल का. हा प्रश्न दोन-तीन वर्षांनी, कवळीचा कंटाळा आल्यावर विचारला, तर तेच काम अधिक मोठे, अधिक खर्चाचे आणि अधिक महिन्यांचे होऊन बसते.

याचे कारण असे की मुळाभोवतीचे हाड दाताच्या आधारासाठीच असते आणि दात गेल्यावर शरीर ते शोषून घेऊ लागते. ही झीज पहिल्या ३ महिन्यांत सर्वांत वेगाने होते आणि वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होऊ शकते. त्यातही ओठाकडची आणि गालाकडची भिंत मुळातच पातळ असल्यामुळे ती आधी खचते. स्वीडनमधील संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशांवरील प्रयोगांत टायटॅनियम जिवंत हाडाशी घट्ट सांधले जाते असे आढळले आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. आजचे इम्प्लांटही याच सांध्यावर उभे असते, म्हणून त्याच्या चहूबाजूंनी पुरेसे हाड असावेच लागते. साधारण ४ मिलिमीटर जाडीच्या इम्प्लांटला गालाकडे आणि जिभेकडे निदान १ ते १.५ मिलिमीटर हाड उरले पाहिजे, म्हणजे एकूण ६ ते ७ मिलिमीटर रुंदी हवी. तेवढी नसेल तर हाड भरण्याचा, म्हणजेच बोन ग्राफ्टचा प्रश्न येतो.

हाड भरायचे की नाही, हे कसे ठरवावे

हिरडीवर बोट फिरवून किंवा साध्या एक्स-रेवरून हा निर्णय होत नाही. संपूर्ण जबड्याचा जो मोठा एक्स-रे काढतात, त्यात हाडाची उंची दिसते, पण रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारा स्कॅन लागतो. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी शीर हाडाच्या आतून जाते आणि इम्प्लांटचे टोक तिच्यापासून निदान २ मिलिमीटर दूर राहावे लागते. वरच्या मागच्या दाढांच्या डोक्यावर सायनस, म्हणजे नाकाशेजारची हवेची पोकळी असते आणि दाढा गेल्यावर ती आणखी खाली उतरते. या दोन्ही गोष्टी स्कॅनमध्ये स्पष्ट मोजता येतात. स्कॅनची प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाल्यास पुन्हा किरणोत्सर्ग आणि पुन्हा खर्च, दोन्ही टळतात.

लहान गावात हा स्कॅन मिळत नाही आणि त्यासाठी चिपळूण, रत्नागिरी किंवा त्याहून लांबही जावे लागू शकते. दंत महाविद्यालयात दाखवायचे असेल तर खेडला योगिता दंत महाविद्यालय आहे, मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आहे, तर सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या लोकांना गोव्यातील बांबोळीचे दंत महाविद्यालय जवळ पडते. निघण्यापूर्वी फोन करून तो विभाग कोणत्या वारी चालतो, साहित्याचा खर्च कोणी करायचा आणि एकूण किती फेऱ्या होतील, हे विचारून घ्यावे.

स्कॅन पाहिल्यावर डॉक्टरांनी हाड भरण्याचा सल्ला दिला, तरी पर्याय विचारण्यात काही गैर नाही. हाडाची उंची थोडीच कमी असेल तर आखूड इम्प्लांट चालते, काही ठिकाणी तिरके इम्प्लांट बसवून सायनस टाळता येतो, आणि शेजारचे दोन्ही दात आधीच कॅप घालण्याजोगे झाले असतील तर ब्रिज, म्हणजे त्या दोन दातांच्या आधाराने मधला दात बसवणे, हाही सन्मान्य उपाय आहे. सत्तरी ओलांडलेल्या आणि चांगल्या बसणाऱ्या कवळीवर समाधानी असलेल्या माणसाच्या मागे, केवळ मुलांनी पैसे पाठवले म्हणून, वर्षभराचे उपचार लावून देऊ नयेत असे माझे मत आहे.

भरतात ते नेमके काय

खड्ड्यात हाडासारख्या पदार्थाचे बारीक दाणे भरतात, पण ते स्वतः तयार हाड नसते. परसात पडवळीसाठी मांडव घालतात आणि वेल आपला आपण त्यावर चढतो, तसे शेजारच्या जिवंत हाडातील पेशी आणि रक्तवाहिन्या या दाण्यांच्या आधाराने आत शिरतात आणि महिनोन्‌महिने नवे हाड रचतात. हिरडीची ऊती हाडापेक्षा लवकर वाढते, त्यामुळे तिने ती जागा आधी बळकावू नये म्हणून दाण्यांवर एक पातळ पडदा घालून वर टाके घेतात. काही डॉक्टर पीआरएफ, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून बनवलेला फायब्रिनचा मऊ थरही वापरतात. जखम भरण्यास त्याची मदत होते, पण मोठ्या खड्ड्यात एकट्या पीआरएफवर विसंबता येत नाही.

दाण्यांचे चार प्रकार आहेत. रुग्णाच्या स्वतःच्या जबड्यातून, म्हणजे हनुवटीतून किंवा अक्कलदाढेमागून घेतलेल्या हाडात जिवंत पेशी असतात, पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. दुसरा प्रकार दान केलेल्या मानवी हाडाचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊती पेढी चालते आणि तेथे अशा ऊती किरणोत्साराने निर्जंतुक केल्या जातात. तिसरा प्राण्यांच्या हाडाचा, बहुधा गोवंशाच्या. प्रक्रिया करून त्यातील सेंद्रिय भाग काढून टाकलेला असतो आणि हे दाणे फार सावकाश विरघळत असल्यामुळे भरलेल्या जागेचा आकार चांगला टिकतो. चौथा प्रकार कॅल्शियम फॉस्फेटसारख्या पदार्थांपासून पूर्णपणे कृत्रिम रीतीने बनवलेला असतो.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. तिसऱ्या प्रकारचे दाणे गोवंशाचे असू शकतात आणि वरचा पडदा डुकराच्या कोलॅजेनचा असू शकतो. हिंदू असोत, मुसलमान असोत की जैन, कोकणातल्या अनेक घरांत हा श्रद्धेचा विषय आहे, पण संकोचापोटी रुग्ण विचारत नाही आणि घाईत डॉक्टर सांगत नाहीत. ‘डॉक्टर, हे कशापासून बनवलेले आहे? मला प्राण्याचे चालणार नाही,’ असे शस्त्रक्रियेच्या आधीच्या भेटीत स्वच्छ सांगावे. कृत्रिम पर्याय उपलब्ध असतात. ते आपल्या जागेसाठी कितपत योग्य आहेत, हे डॉक्टर समजावून सांगतील.

शरीराची तयारी

ग्राफ्ट फसण्याच्या कारणांत तंबाखू फार वरच्या क्रमांकावर आहे, कारण तिच्यामुळे हिरडीतील रक्तपुरवठा आवळला जातो. दवाखान्यातल्या अर्जावर ‘धूम्रपान करता का’ एवढाच प्रश्न असतो. मिश्री लावणाऱ्या आपल्या आया-मावश्या त्याला प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात आणि तीच मिश्री टाके घातलेल्या हिरडीवर रोज सकाळी घासली जाते. म्हणून मिश्री, मशेरी, गुटखा, तंबाखू-चुना, विडी, जे काही असेल ते नाव घेऊन सांगावे, शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी बंद करावे आणि पुढे दोन महिने तरी हात लावू नये. घरातल्या सुनेने किंवा मुलीने डबी लपवून ठेवण्यापेक्षा डॉक्टरांनाच समोर बसवून हे सांगायला लावावे, त्याचा परिणाम अधिक होतो.

मधुमेह असेल तर गेल्या ३ महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी करून ती ७ च्या आसपास आणावी. ती ८ च्या वर असताना डॉक्टरांनी काम पुढे ढकलले, तर तो त्यांचा शहाणपणा समजावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून कधीही बंद करू नयेत, तो निर्णय हृदयाच्या आणि दातांच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो. हाडे ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी, सहा महिन्यांचे इंजेक्शन किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून औषध घेतले असेल, तर ते आवर्जून सांगावे. वर्षातून एकदाच घेतलेले औषध लक्षात राहत नाही, पण त्यामुळे जबड्याची जखम न भरण्याचा धोका संभवतो. हिरड्यांतून पू किंवा रक्त येत असेल तर आधी त्यावर उपचार आणि नंतरच ग्राफ्ट, हा क्रम उलटवू नये.

महिन्यांचे गणित

दात काढल्याबरोबर खड्डा भरला असेल, तर इम्प्लांटसाठी ३ ते ६ महिने थांबावे लागते. झिजलेली कड रुंद करायची असेल तर ४ ते ६ महिने किंवा अधिक, आणि मोठ्या सायनस लिफ्टनंतर, म्हणजे सायनसचा तळ उचलून त्याखाली हाड भरल्यावर, ६ ते ९ महिने लागतात. त्यानंतर इम्प्लांट हाडाशी सांधले जाण्यासाठी आणखी ३ ते ६ महिने जातात आणि मग वरची कॅप बसते. या काळात दवाखान्याच्या फेऱ्या मोजक्याच असतात, पण पहिले दोन आठवडे डॉक्टर हाताशी असणे अत्यावश्यक असते. कोकणात सारे वेळापत्रक याच दोन आठवड्यांभोवती आखावे.

दिवाळीनंतर दात काढून हाड भरले, शिमग्याची पालखी आटोपल्यावर इम्प्लांट बसवले आणि त्याचा सांधण्याचा काळ पावसाळ्यात गेला, तर गणपतीच्या सुमारास कॅपपर्यंत पोहोचता येते, आणि घाटात दरड कोसळली किंवा रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने धावू लागली तरी फारसे बिघडत नाही. आंबा बागायतदारांना मार्च ते मे हा काळ टाळावा लागेल. होडीवर जाणाऱ्यांना १ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ सोयीचा, अर्थात दवाखाना जवळ असेल तर, कारण टाके असताना खोल समुद्रात रक्तस्राव सुरू झाल्यास उपाय नाही. मे महिन्यात गावी आलेल्या चाकरमान्यांनी परतीच्या तिकिटाच्या आदल्या दिवशी हे काम उरकून घेऊ नये.

अनेक तालुक्यांच्या गावी तज्ज्ञ डॉक्टर मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरहून ठरावीक वारी येतात. त्यात वावगे काही नाही, परंतु ‘पुढच्या फेरीपर्यंत त्रास झाला तर मला कोण पाहील?’ या प्रश्नाला नाव आणि फोन नंबर असलेले उत्तर मिळाल्याशिवाय तारीख घेऊ नये. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि त्यात स्कॅन, दाणे, पडदा, इम्प्लांट व कॅप यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत.

पहिले दोन आठवडे

काम बहुधा जागा बधिर करून होते आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ २० मिनिटे ठेवावा, २० मिनिटे काढावा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, त्यामुळे तिने घाबरून जाऊ नये. झोपताना उशी उंच घ्यावी. पहिले २४ तास चूळ भरू नये आणि थुंकूही नये. त्यानंतर उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून ते तोंडात नुसते फिरवावे आणि सोडून द्यावे. क्लोरहेक्सिडिनचे औषध दिले असेल तर टूथपेस्टनंतर अर्धा तास थांबून वापरावे. लवंगेचे तेल, हळद, तुरटी यांतले काहीही टाक्यांवर लावू नये. मिठासारखे दोन-चार दाणे तोंडात आले तर चिंता नको. जुनी कवळी मात्र डॉक्टरांनी आतून घासून दिल्याशिवाय घालू नये, कारण तिच्या दाबाने खालचे सारे काम सरकते.

जेवणाच्या बाबतीत कोकणी स्वयंपाकघर या आजारपणाला अगदी सोयीचे आहे. उकड्या तांदळाची निवलेली पेज, नाचणीची आंबील, ताक, मेतकूट घालून गुरगुट्या भात, कमी तिखट कुळथाची पिठी आणि दुधात भिजवलेली आंबोळी यांवर आठवडा सहज निघतो. शहाळे पेल्यात ओतून प्यावे, नळीने ओढल्यास खड्ड्यातील रक्ताची गुठळी निसटते. सोलकढी आंबट आणि तिखट असल्यामुळे काही दिवस दूर ठेवावी. मासे खायचेच असतील तर चार-पाच दिवसांनंतर सुरमईची उकडलेली, काटे काढलेली तुकडी दुसऱ्या बाजूने चावावी. मांदेली, सुका जवळा, तळलेले गरे, काजू आणि तीळ टाके निघेपर्यंत वर्ज्य समजावेत.

सायनस लिफ्ट झाली असेल तर आणखी पथ्ये आहेत. निदान दोन आठवडे नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यावी, आणि आरतीला शंख फुंकण्याचे किंवा सनई वाजवण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे. विमानप्रवास आणि मालवण-तारकर्लीचे स्कूबा डायव्हिंग डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत करू नये, कारण दाबातील बदलाने सायनसचा नाजूक पडदा फाटू शकतो.

कापूस अर्धा तास घट्ट दाबूनही रक्त थांबले नाही, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढू लागली, ताप किंवा पू आला, भूल उतरून गेल्यावरही खालचा ओठ बधिर राहिला, प्यायलेले पाणी नाकातून आले किंवा टाके सुटून खालचा पडदा उघडा पडला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा. ओठाच्या बधिरपणाबाबत लोक ‘जाईल हळूहळू’ म्हणत आठवडे काढतात, आणि उपचाराची खरी वेळ त्यातच निघून जाते.

टाके बहुधा १० ते १४ दिवसांनी काढतात. ठरलेले महिने झाल्यावर पुन्हा एक्स-रे किंवा स्कॅन करून हाड किती तयार झाले ते पाहिले जाते. कधीकधी ते अपुरे निघते आणि इम्प्लांट बसवतानाच थोडे दाणे पुन्हा घालावे लागतात, ही शक्यता पहिल्याच भेटीत समजून घ्यावी. दाण्यांच्या, पडद्याच्या आणि इम्प्लांटच्या खोक्यावर कंपनीचे नाव, माप व बॅच क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. ती मागून आपल्या फाइलमध्ये लावून घ्यावी, कारण दहा वर्षांनी वरचा स्क्रू सैल झाला आणि तेव्हा आपण दुसऱ्याच शहरात असलो, तर तिथल्या डॉक्टरांना योग्य मापाचा भाग त्या पट्टीवरूनच मागवता येतो.