युरोकोड २ वर जायच्या आधी टेबलावर काय काय तयार हवं

पुण्यात बसून यूकेची कामं करणाऱ्या आमच्यासारख्या टीमसाठी हे लिहितोय, विशेषतः आयएस ४५६ (आपला भारतीय काँक्रीट कोड) शिकून थेट तिकडच्या प्रोजेक्टवर आलेल्या पोरापोरींसाठी. ब्रिटनमध्ये बीएस ८११० हा तिथला जुना काँक्रीट कोड मार्च २०१० अखेर मागे घेतला आणि तेव्हापासून काँक्रीटचं डिझाइन ईएन १९९२ म्हणजे युरोकोड २ वर. आता त्याचीही दुसरी पिढी आलीय, २०२३ मध्ये नवीन भाग १-१ निघाला आणि मार्च २०२८ पर्यंत जुना मागे घ्यायचं ठरलंय, म्हणजे एक बदल नीट पचायच्या आत दुसरा दारात. बाकी काही करा, पण कोड विकत घेतला म्हणजे तयारी झाली असं समजू नका. नवीन फॉर्म्युला माणूस दहा वेळा तपासतो, आणि जे "माहितीच आहे" ते तपासतच नाही. चूक तिथेच बसलेली असते.

सगळ्यात आधी नॅशनल अ‍ॅनेक्स (कोडला जोडलेली त्या त्या देशाची पुरवणी) हातात घ्या, कोडच्याही आधी. मुख्य कोड सगळ्या युरोपचा एकच असला तरी बऱ्याच आकड्यांचा शेवटचा निर्णय प्रत्येक देशाने आपल्याकडे ठेवलाय, त्यामुळे यूकेचं अ‍ॅनेक्स वेगळं, आयर्लंडचं वेगळं, जर्मनीचं आणखी वेगळं. हे किती महागात पडू शकतं ते एका आकड्यात बघा. सी ३०/३७ काँक्रीटची डिझाइन स्ट्रेंथ काढताना कोडने सुचवलेला अल्फा सीसी (ताकदीला लावायचा गुणक) १.० घेतला तर ३० भागिले १.५ (काँक्रीटचा सुरक्षा फॅक्टर) म्हणजे २० मेगापास्कल मिळतात, यूकेच्या अ‍ॅनेक्समध्ये वाकण्यासाठी आणि अक्षीय भारासाठी तोच ०.८५ आहे, म्हणजे १७. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये देश निवडायचा राहिला की ते गपचूप २० धरतं आणि सगळे कॉलम छान पास होतात! म्हणून प्रोजेक्ट उघडल्यावर पहिलं काम देश कुठला निवडलाय ते बघणं आणि त्याचा स्क्रीनशॉट कॅल्क्युलेशनच्या फाइलमध्ये टाकून ठेवणं.

मग ग्रेड. आपल्याकडे एम ३० म्हटलं की क्यूब (घनाकृती नमुना दाबून मिळालेली ताकद), डोक्यात दुसरं काही येतच नाही. तिकडे सी ३०/३७ मधला ३० हा सिलिंडरचा आणि ३७ क्यूबचा, आणि कोडच्या सगळ्या सूत्रांत एफसीके (काँक्रीटची धरायची ताकद) म्हणजे सिलिंडर. एखाद्याने हिशोबात ३० धरले आणि ड्रॉइंगवर सवयीने सी २५/३० लिहिलं, तर साइटवर क्यूब ३० ला पास होतील, सगळे खूश, आणि बिल्डिंगमध्ये एक ग्रेड कमी गेलेली असेल. टीममधल्या प्रत्येकाकडून एकदा तोंडी वदवून घ्या, खरंच. ज्यांनी इथे आयआरसी ११२ (आपला काँक्रीटच्या पुलांचा कोड) वर पूल केलेत त्यांना युरोकोड ओळखीचा वाटेल, कारण २०११ चा तो कोड बराचसा त्याच्याच वळणावर आहे, पण तिथेही एफसीके क्यूबचाच ठेवलाय, म्हणूनच शिअरच्या (कातरबळाच्या) सूत्रात युरोकोडमध्ये १०० आहे तिथे आयआरसीत ८० दिसतो. तेव्हा जुनी एक्सेल शीट उचलून "सारखंच तर आहे" म्हणत वापरू नका.

आता अक्ष, आणि हे मी स्वतः भोगलंय. बीएसमध्ये एक्स-एक्स हा मजबूत अक्ष असायचा, युरोकोडमध्ये एक्स मेंबरच्या लांबीतून जातो आणि मजबूत अक्ष होतो वाय-वाय, कमजोर झेड-झेड. सुरुवातीच्या एका कामात ३०० बाय ६०० च्या कॉलमचे मोमेंट मी मॉडेलमधून काढले आणि आमच्या जुन्या बीएसच्या शीटमध्ये एमवाय (वाय अक्षाभोवतीचा मोमेंट) च्या रकान्यात एमवाय टाकला, नावाला नाव जुळलं म्हणून. शीटच्या दृष्टीने तो कमजोर दिशेचा होता. कॉलम पास होईना म्हणून सळ्या वाढवत गेलो, आणि जिथे खरंच लागत होत्या तिथे सोडून भलत्याच बाजूला त्या दाटीवाटीने बसल्या. आमच्या चेकर मॅडमनी ड्रॉइंग बघून एवढंच विचारलं, "बीम या बाजूने येतोय ना, मग सळ्या तिकडे कशाला?" त्या दिवसापासून प्रत्येक शीटवर कॉलमचा चौकोन काढून त्यावर बाणाने अक्ष दाखवतो. तुम्हीही काढा, हाताने काढलं तरी चालेल.

लोडचा हिशोब हाताने एकदा तरी करून भिंतीवर लावा. कायमचा भार २० किलोन्यूटन प्रति मीटर आणि बदलता १० असं धरलं तर आपल्या आयएसने ४५ येतात, बीएसने १.४ आणि १.६ लावून ४४, युरोकोडच्या ६.१० या समीकरणाने १.३५ आणि १.५ लावून ४२, आणि ६.१०ए व ६.१०बी ची जोडी यूकेच्या आकड्यांनी वापरली तर मोठं उत्तर ४०. कुठली जोडी वापरायची ते सुरुवातीलाच ठरवून लिहून टाका, नाहीतर स्लॅबवाला एक वापरतो आणि फाउंडेशनवाला दुसरी. कंटिन्युअस बीमला बीएसमध्ये एका स्पॅनवर १.४ आणि शेजारी १.० असं करायचो, इथे कायमच्या भाराचा फॅक्टर सगळ्या स्पॅनवर एकच, अदलाबदल फक्त बदलत्या भाराची. आरसीसीची घनता २४ ऐवजी २५ किलोन्यूटन प्रति घनमीटर घ्यायची, हेही विसरतं.

शिअरला सगळ्यात जास्त वेळ ठेवा. काँक्रीट थोडं घेतं आणि उरलेलं रिंगा (मुख्य सळ्यांभोवतीच्या स्टिरप) घेतात ही आपली बेरीज इथे नाही. रिंगा लागल्या की सगळा शिअर रिंगांचाच, त्याबदल्यात काँक्रीटमधल्या तिरक्या स्ट्रटचा (दाब घेणाऱ्या पट्ट्याचा) कोन ४५ पासून जवळपास २२ अंशांपर्यंत खाली नेता येतो. कोन जितका कमी तितक्या रिंगा कमी, पण खालच्या सळ्यांवरची ओढ वाढते, म्हणून त्या सपोर्टकडे आणखी पुढे न्याव्या लागतात, आणि हे पुढे नेणं ड्रॉइंगवर उतरतच नाही, कारण डिझाइन करणारा एक आणि डिटेलिंग करणारा दुसरा. दोघांना एकत्र बसवा. पंचिंगचा (कॉलम स्लॅबला भोक पाडू बघतो त्या शिअरचा) परिघही स्वतः मोजून बघा: ३०० चा चौकोनी कॉलम, डी (स्लॅबची प्रभावी खोली) २००, तर आयएसने २००० मि.मी., बीएसने ३६००, युरोकोडने गोल कोपरे धरून साधारण ३७१३. आकडे इतके वेगळे असताना एका कोडचा परवानगीचा स्ट्रेस दुसऱ्या कोडच्या परिघाला लावला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आगीच्या तक्त्यात "ए" म्हणजे कव्हर (सळईवरचं काँक्रीटचं आवरण) नव्हे, पृष्ठभागापासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर. दोन तासांच्या एका दिशेच्या साध्या स्लॅबला ४० लिहिलंय म्हणजे १२ च्या सळईला कव्हर ३४. टिकाऊपणाचं कव्हर वेगळं निघतं, एक्सपोजर क्लास (काँक्रीट कशा वातावरणात राहणार तो वर्ग) ठरवून, यूकेत बीएस ८५०० या काँक्रीटच्या स्टँडर्डमधून, आणि त्यात साधारण १० मि.मी. साइटच्या चुकीसाठी मिळवायचे.

दुसऱ्या पिढीसाठी आत्ता एवढंच करा: पूल आणि पाण्याच्या टाक्यांचे वेगळे भाग आता भाग १-१ मध्येच आलेत, रिंगा नसलेल्या स्लॅबच्या शिअरमध्ये खडीचा आकार शिरलाय, आणि ४० मेगापास्कलच्या वरच्या काँक्रीटची ताकद आणखी एका फॅक्टरने कमी होते, ५० ला साधारण ०.९३. हे तीन धागे धरून एखादी जुनी, पूर्ण झालेली स्लॅब नव्या कोडने परत सोडवा, उत्तर माहीत असलेलीच घ्या.

चालू असलेलं काम मात्र ज्या कोडवर सुरू झालं त्याच कोडवर संपवा, क्लायंटने लेखी सांगितलं तरच बदला, आणि कॅल्क्युलेशनच्या पहिल्या पानावर कोडचा भाग, त्याचं वर्ष, अ‍ॅनेक्सचा देश आणि अ‍ॅनेक्सचं वर्ष या चार गोष्टी मोठ्या अक्षरात लिहा.