स्पेशल नीड्स असलेल्या मुलासाठी नर्सरी शोधताना

आधी हे बघा की तुम्ही प्रवेश नक्की कुठे मागताय. गल्लीतलं फ्रँचायझीचं प्लेस्कूल आणि मोठ्या शाळेला जोडलेली नर्सरी, दोन्हीकडे भिंतीवर तीच कार्टून्स, पण 2009 चा आरटीई कायदा (शिक्षण हक्क कायदा) शाळेला लागू होतो, नुसत्या प्लेस्कूलला नाही. तिथे फी मालक ठरवतो, बॅच तोच ठरवतो, आणि ज्या मुलाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं ते त्याच्या हिशोबात बसत नाही, मग तोंडावर नाही म्हणायच्या ऐवजी ‘सीट्स फुल आहेत मॅडम’.

म्हणून आधी व्हॉट्सॲपवर फक्त जागा आहे का एवढंच विचारा, उत्तर जपून ठेवा आणि मुलाबद्दल भेटीत सगळं खरं सांगा. सोमवारी ‘दोन सीट्स आहेत’ आणि मंगळवारी मूल बघितल्यावर फुल, हे लेखी हातात असलं की तक्रारीला जोर येतो. ‘शॅडो टीचर (वर्गात फक्त तुमच्या मुलाला मदत करणारी) तुमची आणा’ म्हणाले तर लगेच हो म्हणू नका. पगार कोण देणार, ती वर्गात बसणार की बाहेर बाकावर, ती आली नाही त्या दिवशी मूल घरी का? आणि जमलं तर डब्याच्या वेळेला जाऊन बघा, ब्रोशरपेक्षा जास्त कळतं.

शाळेच्या बाबतीत तुमची बाजू भक्कम आहे. प्रवेशासाठी मुलाचा इंटरव्ह्यू घेतला तर पहिल्यांदा 25 हजारांपर्यंत दंड आहे. आरटीईच्या 25 टक्के राखीव जागांमध्ये दिव्यांग मुलं येतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही, फक्त किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, तेव्हा यूडीआयडीचं (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं) काम आत्ताच सुरू करा, त्याला वेळ लागतो. 2024 मध्ये सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या 25 टक्क्यांतून सूट दिली होती, ती हायकोर्टाने त्याच जुलैत रद्द केली, त्यामुळे कोणी जुनी अधिसूचना दाखवली तर ऐकू नका.

आणि अंगणवाडीला नाकं मुरडू नका हो. इंटरव्ह्यू नाही, फी नाही, आरबीएसकेची (सरकारच्या बाल आरोग्य तपासणी कार्यक्रमाची) टीम वर्षातून दोनदा मुलं तपासायला येते आणि गरज वाटली तर जिल्ह्याच्या डीईआयसीला, म्हणजे मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राला, पाठवते. खोली लहान, मुलं जास्त, हे आहेच.

शाळेने नाकारलं तर झेडपीच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, महापालिका हद्दीत असाल तर तिथल्या. प्लेस्कूलने नाकारलं तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.