अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी: कॉलेजची निवड आणि तिथले पहिले वर्ष

नोकरीच्या निमित्ताने अलीकडेच अमेरिकेत आलेल्या आणि ज्यांची मुले आता हायस्कूलच्या वरच्या वर्गांत आहेत, अशा मराठी कुटुंबांसाठी हे लिहीत आहे. महाराष्ट्रातील प्रवेशाचे गणित आपल्या अंगवळणी पडलेले असते: सीईटीचे पर्सेंटाइल, कॅपच्या फेऱ्या, मागच्या वर्षीचा कटऑफ आणि सीओईपी, व्हीजेटीआय अशी नावांची ठरलेली उतरंड. तीच उतरंड मनात ठेवून आपण इथल्या क्रमवाऱ्या वाचतो आणि वरच्या क्रमांकापासून यादी करू लागतो. न्यू जर्सीत अनेक वर्षे राहून, स्वतःच्या दोन मुलींचे आणि ओळखीतल्या बऱ्याच मुलांचे प्रवेश जवळून पाहून माझे मत असे झाले आहे की, प्रत्येक कॉलेजबद्दल आधी एकच प्रश्न विचारावा: आपल्या मुलाचे पहिले वर्ष इथे कसे जाईल? फी, व्हिसा, विषय आणि मुलाचा स्वभाव या चारही गोष्टींचा कस त्याच वर्षी लागतो.

सर्वांत आधी व्हिसाकडे पाहावे, कारण शाळेतले समुपदेशक बहुधा त्याबद्दल बोलत नाहीत. एच-फोरवर (नोकरीच्या एच व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणारा व्हिसा) असलेल्या मुलाला शिकण्याची पूर्ण मुभा आहे, पण पगारी काम करता येत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयातली लहानशी नोकरी किंवा उन्हाळ्यातली पगारी इंटर्नशिपही त्यात आली. एच-फोरवरील वर्क परमिटची जी सोय आपण ऐकतो ती जोडीदारासाठी आहे, मुलांसाठी नाही. शिवाय वयाची २१ वर्षे पूर्ण झाली की एच-फोर संपतो, आणि भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग लक्षात घेता पदवीच्या मध्येच ही वेळ येणार असे गृहीत धरूनच चालावे. तेव्हा एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. एफ-वनवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॉलेजच्या आवारात काम करता येते आणि पुढे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची वाटही मोकळी होते. मात्र अनेक राज्यांत एफ-वनवरच्या विद्यार्थ्याला राज्याबाहेरचा मानून जास्त फी आकारतात. याउलट एच-फोरवर असताना कुटुंब ठरावीक काळ राज्यात राहिलेले असेल, तर अनेक राज्ये इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी फी लावतात. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच त्या युनिव्हर्सिटीच्या निवासी दर्जा ठरवणाऱ्या कार्यालयाला ई-मेल करून दोन प्रश्न विचारावेत: आज आमच्या मुलीला इन-स्टेट फी लागू होईल का, आणि तिने मध्ये व्हिसा बदलला तर ती तशीच राहील का? उत्तर लेखी घ्यावे आणि जपून ठेवावे. ओळखीच्यांचा अनुभव इथे पुरत नाही, कारण नियम राज्यागणिक बदलतात.

खर्चाचा विचार करताना जाहीर झालेल्या फीच्या आकड्यावर थांबू नये. केंद्र सरकारच्या विद्यार्थी-मदत योजनांत सहभागी असलेल्या कॉलेजांना २०११ पासून आपल्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ ठेवणे बंधनकारक आहे. कुटुंबाचे उत्पन्न भरले की मदत वजा जाता साधारण किती पैसे भरावे लागतील याचा अंदाज मिळतो. मात्र हा अंदाज नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्या हिशेबाने काढलेला असतो. फाफसा या अर्जातून मिळणारी केंद्र सरकारची मदत आणि कर्जे एच-फोरवरच्या मुलांना मिळत नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अॅमहर्स्ट यांसारखी मोजकी कॉलेजे परदेशी विद्यार्थ्यांचे अर्जही आर्थिक ऐपत न पाहता तपासतात आणि गरजेइतकी पूर्ण मदत देतात, पण तिथे प्रवेश मिळणे किती दुर्मीळ आहे हे वेगळे सांगायला नको. ‘अर्ली डिसिजन’ने अर्ज करण्यापूर्वी घरात बसून नीट चर्चा करावी. त्यात प्रवेश मिळाल्यास तिथेच जाण्याचे बंधन येते आणि इतर कॉलेजांशी खर्चाची तुलना करण्याची संधी हातची जाते. नियमित पद्धतीने अर्ज केल्यास बहुतेक कॉलेजे १ मेपर्यंत निर्णयाला वेळ देतात, आणि पैशांचा विचार करावा लागणाऱ्या कुटुंबाला तो वेळ मोलाचा असतो.

आता विषयाबद्दल. अमेरिकेत कोणत्याही कॉलेजात शिरले की पुढे मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, हवा तसा बदलता येतो, ही समजूत आपल्या लोकांत घट्ट आहे आणि ती अर्धीच खरी आहे. इतिहास, अर्थशास्त्र, गणित अशा विषयांत ती बरीचशी लागू पडते. कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग आणि नर्सिंग यांत मात्र अनेक मोठ्या स्टेट युनिव्हर्सिट्या पहिल्याच दिवशी जागा ठरवून देतात आणि नंतर आत येऊ पाहणाऱ्यांसाठी दार जवळजवळ बंद असते. पर्ड्यू युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगचे सर्व विद्यार्थी पहिले वर्ष एकत्र शिकतात आणि त्यानंतर शाखा घेतात, त्यामुळे तिथे पहिल्या दोन सत्रांच्या गुणांना फार महत्त्व येते. ज्या मुलाला नेमके काय शिकायचे ते अजून ठरवता आलेले नाही, त्याला जिथे विषय बदलणे खरोखर सोपे आहे असे कॉलेज, क्रमवारीत खाली असले तरी, अधिक चांगले. कॉलेज पाहायला जाल तेव्हा सजवलेल्या इमारतींपेक्षा हे विचारा की पहिल्या वर्षाच्या गणिताच्या वर्गात किती मुले असतात, तो वर्ग कोण शिकवतो आणि अडलेल्या मुलाने कोणाकडे जायचे.

कम्युनिटी कॉलेजबद्दल आपल्या घरांत जो कमीपणा मानला जातो, तो मला मनापासून खटकतो. दोन वर्षे तिथे कमी फीत शिकून मग चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत जाता येते, आणि मिळणाऱ्या पदवीवर युनिव्हर्सिटीचेच नाव असते. कॅलिफोर्नियात ही वाट १९६० च्या मास्टर प्लॅनपासून शिक्षणव्यवस्थेचा भागच आहे, आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे काही कॅम्पस अटी पूर्ण करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची हमी देतात. न्यू जर्सीतही राज्यव्यापी करार असल्याने असोसिएट पदवीचे (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक, राज्यातल्या सार्वजनिक युनिव्हर्सिट्यांत धरले जातात. अकरावीच्या वयात देश बदललेल्या मुलाला इंग्रजीत निबंध लिहिण्याचा सराव व्हायला, लहान वर्गात प्रश्न विचारायला ही जागा फार चांगली आहे.

प्रवेश पक्का झाल्यावर दोन कामे उन्हाळ्यातच उरकावीत. लसीकरणाचे जुने कार्ड भारतातून मागवून डॉक्टरांकडून कॉलेजच्या अर्जावर भरून घ्यावे; बीसीजी घेतलेल्या मुलांची क्षयरोगाची त्वचेवरील चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्तचाचणीची मागणी करावी. दुसरे म्हणजे, मूल तुमच्या आरोग्य विम्यात असेल तर कॉलेजचा विमा नको असल्याचा अर्ज मुदतीत भरावा, अन्यथा अनेक ठिकाणी त्याचे पैसे आपोआप बिलात येतात.

पहिल्या सत्राची रीत आपल्याकडच्यापेक्षा वेगळी असते. वर्षाच्या शेवटी एका परीक्षेत सगळे भरून काढण्याची सोय इथे नाही. दर आठवड्याचा गृहपाठ, लहान चाचण्या आणि वर्गातला सहभाग यांतून ग्रेड तयार होते, आणि कशाला किती भार आहे ते प्रत्येक सिलॅबसमध्ये पहिल्याच दिवशी लिहिलेले असते. पदवीसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे सत्राला सरासरी १५. पण पूर्णवेळ विद्यार्थी मानले जाण्यासाठी सहसा १२ पुरतात. पहिल्या सत्रात हुशार मुलानेही भार थोडा हलका ठेवावा असे मी आग्रहाने सांगतो. विषय झेपत नसेल तर सुरुवातीच्या मुदतीत तो सोडता येतो आणि त्याची नोंदही राहत नाही. उशिरा सोडला तर गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची खूण) लागतो, आणि तोही नापास होण्यापेक्षा पुष्कळ बरा. एफ-वनवरच्या मुलाने मात्र विषय सोडण्यापूर्वी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला विचारलेच पाहिजे, कारण क्रेडिट कमी पडल्यास व्हिसा अडचणीत येतो.

ऑफिस अवर्स म्हणजे प्रोफेसर विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात तो वेळ. सरांना त्रास कशाला द्यायचा, या संस्कारामुळे आपली मुले तिथे जात नाहीत, आणि सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येक प्रोफेसरला एकदा तरी भेटावे, एखादा खरा प्रश्न घेऊन जावे. पुढे शिफारसपत्र, प्रयोगशाळेतली संधी, कठीण प्रसंगी मिळणारी सवलत हे सारे ओळखीतून येते. एच-फोरवरच्या मुलाला पगारी काम बंद असले तरी क्रेडिटसाठी संशोधन करता येते, आणि त्याची सुरुवात बहुधा अशा भेटीतच होते. गृहपाठाच्या बाबतीत तितकेच सावध राहावे. मित्राची वही पाहून उतरवणे आपल्याकडे फारसे गंभीर मानले जात नाही, इथे त्यावर चौकशी बसते. एकत्र बसून कितपत काम करायचे, एआयची मदत चालते की नाही, हे प्रत्येक विषयात वेगळे असते आणि आधी विचारून घ्यावे लागते.

पालकांनी एक कायदा ओळखून असावा. १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार कॉलेजात गेलेल्या मुलाच्या शैक्षणिक नोंदींवर त्याचा स्वतःचा हक्क असतो, त्यामुळे फी तुम्ही भरत असलात तरी मुलाच्या संमतीशिवाय कॉलेज तुम्हाला ग्रेड सहसा सांगत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये डॉर्मवर सोडायला जाण्यापूर्वी घरातच ठरवून घ्यावे की ग्रेड कमी आल्यास मुलगी स्वतः सांगेल आणि आपण ऐकून घेऊ. रोज रात्री फोन करून ‘आज काय अभ्यास केला’ असे विचारण्याऐवजी जेवण, झोप आणि मित्रमैत्रिणी यांबद्दल बोलावे. ती खोलीतून बाहेरच पडत नसेल, जेवण टाळत असेल, तर कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात जायला तिला प्रोत्साहन द्यावे. तिथल्या सेवेचा खर्च बहुतेक ठिकाणी फीमध्येच धरलेला असतो. गणेशोत्सवाला घरी येण्याचा आग्रह पहिल्या सप्टेंबरात तरी धरू नये, कारण मैत्री जुळण्याचे आठवडे नेमके तेच असतात.

पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात एखादा विषय कमी फीत पूर्ण करता येतो. पैसे भरण्यापूर्वी ते क्रेडिट मेजरमध्ये धरले जाईल, की केवळ ऐच्छिक विषय म्हणून, हे आपल्या अॅडव्हायझरकडून लेखी घ्यावे.