इमारतीचा फोटो काढताना आधी दिशा बघा, मग लेन्स

इमारतींची फोटोग्राफी शिकू पाहणारे बहुतेक जण मला पहिल्यांदा लेन्सबद्दल विचारतात. मी त्यांना होकायंत्र उघडायला लावतो. इमारत हलत नाही, तिला वळवता येत नाही. आपल्या हातात असते ती फक्त वेळ. दर्शनी भाग कुठल्या दिशेला आहे हे कळलं की निम्मं काम झालं.

सूर्य तासाला साधारण १५ अंश सरकतो. पूर्वाभिमुख भिंतीवर सकाळी लवकर ऊन समोरून पडतं. रंग छान येतो, पण भिंत सपाट दिसते, कारण सावल्या वस्तूंच्या मागे लपलेल्या असतात. तेच ऊन भिंतीला घासून जाऊ लागलं की विटांच्या सांध्यांपासून खिडक्यांच्या खोबणीपर्यंत सगळं उठून येतं. आता घासून म्हणजे कुठून, हे त्या इमारतीवर ठरतं. उभे खांब, उभ्या पट्ट्या असतील तर ऊन बाजूने हवं. आडवे छज्जे, आडव्या पट्ट्या असतील तर वरून. म्हणूनच ‘दुपारी कॅमेरा बॅगेत ठेवा’ हा सल्ला मला पटत नाही. खोल छज्ज्यांच्या इमारतीचे माझे आवडते फोटो भर दुपारचेच आहेत. छज्जा किती बाहेर काढायचा हे आर्किटेक्टने बऱ्याचदा सावलीच्या हिशोबानेच ठरवलेलं असतं, त्यामुळे ती सावली फोटोत आली की तोही खूश.

उत्तराभिमुख इमारत मात्र छळते. कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या प्रदेशात अशा भिंतीला ऊन मिळतं ते उन्हाळ्यातल्या सकाळ-संध्याकाळीच. एरवी तिचा फोटो ढगाळ दिवशी किंवा संध्याप्रकाशात काढावा.

समोरच्या इमारतीची सावली हा वेगळाच ताप. सूर्य ४५ अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीइतकी असते. ३० अंशांवर आला की ३० मीटर उंच इमारतीची सावली ५२ मीटरच्या आसपास जाते. अरुंद रस्त्यावर हिवाळ्यात खालचे मजले दिवसभर अंधारात राहू शकतात. सूर्याची जागा दाखवणारी अ‍ॅप आहेत, ती वापरा. तरीही आदल्या दिवशी एक फेरी माराच. झाड कुठे आडवं येतं हे अ‍ॅप सांगत नाही.

एक्सपोजरचं, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याचं, थोडक्यात. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर पांढऱ्या भिंतीलाही मध्यम राखाडी करू बघतं, तेव्हा एक्सपोजर जरा वाढवा, पण हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख) उजव्या कडेला आपटू देऊ नका. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढलेल्या फोटोत सावलीतला तपशील बराचसा वर आणता येतो. पूर्ण जळालेला पांढरा रंग परत येत नाही. पोलराइझर (आकाश गडद करणारा फिल्टर) सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशात सर्वात जास्त काम करतो. वाइड लेन्सवर मात्र त्यामुळे निम्मं आकाश गडद आणि निम्मं फिकं होतं, म्हणून तिथे मी तो काढूनच ठेवतो.

सावली हवीच असंही नाही. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने पाण्याच्या टाक्या, भट्ट्या असल्या औद्योगिक बांधकामांचे फोटो मुद्दाम ढगाळ हवेत काढले, कारण त्यांना आकारांची तुलना करायची होती. उलट ल कॉर्बुझिए या आर्किटेक्टच्या इमारतींचे फोटो काढणाऱ्या ल्युसिएन एर्वेने काळ्याभोर सावल्यांवरच फ्रेम उभ्या केल्या. दोघांचे फोटो शेजारी ठेवून पाहा, क्लासपेक्षा जास्त शिकाल.

आणि सूर्यास्तानंतर लगेच सामान आवरू नका. आतले दिवे आणि बाहेरचं निळं आकाश यांचा उजेड काही मिनिटं जुळतो. त्यासाठी ट्रायपॉड आधीच लावून ठेवा, आणि दिवे लावायला, पडदे उघडायला कोण थांबणार आहे हे सकाळीच ठरवून घ्या. माझा अनुभव असा की, ही शेवटची गोष्ट विचारायला सगळ्यात जास्त लोक विसरतात.