'एलियन' कॉमिक्स कुठल्या क्रमाने वाचावीत?

अंतराळातल्या जीवघेण्या प्राण्याच्या भयकथा असलेले 'एलियन'चे सिनेमे बघून झाले, आता पुढे काय, असं बेळगाव-खानापूरकडची पोरं हमखास विचारतात. पुढची गोष्ट कॉमिक्समध्ये आहे. पण आजवर इतकं छापलं गेलंय की मधूनच कुठूनतरी सुरुवात केली तर काहीच टोटल लागत नाही.

आधी दोनच सिनेमे बघा: १९७९ चा 'एलियन' आणि १९८६ चा 'एलियन्स'. तिसरा मुद्दाम मागे ठेवा.

मग पहिल्या सिनेमाचं चित्ररूप घ्या. आर्ची गुडविन यांचं लेखन आणि वॉल्टर सायमनसन यांची चित्रं असलेलं हे पुस्तक १९७९ सालीच निघालं. गोष्ट माहीत आहे म्हणून भराभर पानं उलटू नका. जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग काढा, तोच मोबाईलवर लावा आणि चौकटीगणिक सिनेमा थांबवत जा. पानावर किंकाळी ऐकू येत नाही. चित्रकाराच्या हाती फक्त चौकटीचा आकार, रंग आणि अक्षरं. तेवढ्यावर भीती कशी उभी राहते, हे असं शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

आता खरी मेजवानी. डार्क हॉर्स या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशकाने १९८८ मध्ये 'एलियन्स'च्या पुढची गोष्ट सुरू केली: सहा अंक, कृष्णधवल, लेखक मार्क व्हर्हायडन, चित्रकार मार्क नेल्सन. 'एलियन्स'मधला सैनिक हिक्स जिवंत आहे, त्यातलीच छोटी न्यूट मोठी झाली आहे आणि दोघांचीही झोप उडालेली आहे. पण १९९२ च्या तिसऱ्या सिनेमाने या दोघांना सुरुवातीलाच मारून टाकलं! मग प्रकाशकाने पुनर्मुद्रणात हिक्सचा विल्क्स आणि न्यूटची बिली केली. म्हणून विकत घेण्याआधी आतली पानं चाळून नावं तपासा. माझं स्पष्ट मत आहे, मूळ नावांचीच आवृत्ती घ्या. २०१६ च्या आवृत्तीत ती परत आली आहेत. सिनेमात जिला वाचवताना आपला जीव टांगणीला लागला होता तीच ही मुलगी, हे ठाऊक नसेल तर त्या गोष्टीतली अर्धी जान जाते.

एवढं झालं की तिसरा सिनेमा बघा. त्याच्यासाठी विल्यम गिब्सन यांनी लिहिलेली, पण कधीच पडद्यावर न आलेली पटकथा डार्क हॉर्सने २०१८-१९ मध्ये कॉमिक म्हणून काढली. तीही लगेच वाचा. एकाच वळणावरून फुटलेल्या तीन वाटा समोर येतात. मार्व्हलची २०२१ पासूनची मालिका शेवटी घेतली तरी चालेल.

जाड खंड महाग पडतात. शहापूर, टिळकवाडी, वडगावातल्या चार-पाच जणांनी वर्गणी काढून एकेक घ्यावा आणि आळीपाळीने वाचावा. भाषा इंग्रजी आहे, पण आपल्याकडे मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांची पोरं एकाच गल्लीत असतात. एकाने मोठ्याने वाचावं, अडलं तिथे दुसऱ्याने मराठीत सांगावं. लहान मुलांच्या हाती मात्र देऊ नका, रक्तपात भरपूर आहे.

बेळगावच्या पावसात गुळगुळीत कागद चटकन दमट होतो, पानं एकमेकांना चिकटतात. पुस्तकं भिंतीला टेकवू नका आणि प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका. लोखंडी कपाटात उभी, जरा सैल ठेवा. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पूर्ण वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवा, आणि ऊन पडेल त्या दिवशी कपाटाची दारं तासभर उघडी टाका.